टक्केकाका

दहावीच्या मुलांचा गुणगौरव करणारे एक काका प्रत्येक गल्लीत असतातच. त्यांच्या कपाटात शाली डझनाने पडून असतात, ट्रॉफीवाला त्यांना उधारीवर माल देतो आणि ते लांबून येताना दिसले की नगरसेवक रस्ता बदलतो. आमच्या सांगलीतल्या गल्लीतले काका आणखी पुढचे. ते माणसाला नावाने ओळखतच नाहीत, दहावीच्या टक्क्यांनी ओळखतात. भर मंडईत, हातात मेथीची जुडी धरून ओरडतात, "काय अडुसष्ट, आज एकटेच? एक्क्याऐंशी कुठंय?"

अडुसष्ट म्हणजे मी. एक्क्याऐंशी म्हणजे आमची ही. घरात वरचढ कोण, हा प्रश्न आम्ही दोघांनी समजूतदारपणे कधीच काढला नव्हता. काकांनी तो मंडईत निकालात काढला. भाजीवालीनेही नंतर हिशेब तिच्याशीच करायला सुरुवात केली.

पॉइंटावरून ते वय काढतात. 2010 पासून बोर्ड सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरतं, म्हणजे पाचशेपैकी. त्यामुळे पॉइंटापुढे शून्य, वीस, चाळीस, साठ किंवा ऐंशी, यापलीकडे काही येऊच शकत नाही. बँकेतल्या मॅडम सहज बोलून गेल्या, "मला बहात्तर पॉइंट त्रेपन्न होते." काका लगेच म्हणाले, "म्हणजे बेस्ट ऑफ फाइव्हच्या आधीच्या तुम्ही! मग गुडघे दुखत असतील." मॅडमनी केसांच्या रंगावर केलेला सगळा खर्च त्या क्षणी पाण्यात गेला. काकांचं पासबुक पुढे महिनाभर भरलं गेलं नाही.

फेब्रुवारीत शाळेचा निरोप समारंभ असतो. नववीची पोरं फुगे लावतात, दहावीच्या मुली आईची साडी सावरत येतात, मुलगे एकमेकांच्या पांढऱ्या शर्टावर स्केचपेनने सह्या करतात आणि शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतात. (शाळेत अशी इतकी घड्याळं झाली आहेत की प्रत्येक वर्गात वेगळी वेळ असते.) मग एक मुलगी माइकवर "ही शाळा म्हणजे आमचं दुसरं घर" म्हणता म्हणता हुंदका देते आणि सगळा वर्ग रडायला लागतो. त्या रडारडीत काका डायरी उघडून रांगेने फिरतात. "रड बाळ, रड. सीट नंबर?" नाक पुसून पोर नंबर सांगतं. "आईचं नाव?" ऑनलाइन निकाल बघायला एवढ्या दोनच गोष्टी लागतात.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साइट हँग होते. सगळ्यांची होते, काकांची होत नाही. दोन मोबाइल आणि नातीचा लॅपटॉप घेऊन ते सकाळपासूनच बसलेले असतात. पोराच्या घरी कळायच्या आधी जिन्यातून आरोळी येते, "सुनंदा, चौऱ्याऐंशी पॉइंट वीस!" पेपर पोराने दिलेले असतात, पण डायरीत नाव आईचं आहे, त्यामुळे पास सुनंदा होते. गल्लीतल्या बायकांना एरवी कुणाची तरी आई म्हणूनच हाक येते. वर्षातून एकदा त्यांचं नाव एवढ्या मोठ्याने कुणी घेत असेल, तर ते काकाच.

संध्याकाळी मात्र ते कुणाशी बोलत नाहीत, कारण विभागवार निकालात कोकण पहिलं आलेलं असतं. "दोन जिल्ह्यांचा विभाग! आमच्या कोल्हापूर विभागात तीन आहेत, तीन!"

वडिलांना रात्री अचानक दवाखान्यात हलवावं लागलं तेव्हा मला काही सुचेना, म्हणून नाइलाजाने काकांना फोन केला. त्यांनी डायरी काढली. "थांब. त्र्याण्णव पॉइंट चाळीस तिथं डॉक्टर आहे, तिला सांगतो. अठ्ठावन्नचा रक्तगट तोच आहे, उठवतो त्याला. गाडी घेऊन पस्तीस येईल." सगळे आले. अठ्ठावन्नचं रक्त वडिलांना चढलं. ते शुद्धीवर आल्यावर काकांनी कानाशी वाकून आधी विचारलं, "अण्णा, तुम्हाला मॅट्रिकला किती होते हो?"

2021 साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. निरोप समारंभ नाही, शर्टावर सह्या नाहीत, आणि अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल 99.95 टक्के. "हे टक्के मी धरत नाही," काका म्हणाले. पण त्या वर्षी तोंडाला मास्क बांधून ते घरोघरी गेले आणि दाराच्या कडीला ट्रॉफीची पिशवी अडकवून आले. आजही त्या एका बॅचला ते नावाने हाक मारतात. त्या पोरांना वाटतं, काका आपल्यावर रुसले आहेत.

पस्तीस म्हणजे आमचा मांडव-स्पीकरवाला. सहाही विषयांत बरोबर पस्तीस. काकांना त्याचा भारी अभिमान. "नव्वद कुणीही पाडतं. पस्तीसला नेम लागतो!" यंदाच्या गुणगौरवालाही माइक त्याचाच होता. काकांनी पहिलं नाव पुकारलं. कुणी आलं नाही. दुसरं पुकारलं, तेही नाही. अकरा सत्कारमूर्तींपैकी चार हजर. बाकीची पोरं केव्हाच लातूरला आणि कोट्याला क्लासला लागलेली, आईबापही त्यांची खोली लावून द्यायला गेलेले. पाहुणे शाल उलगडून तिष्ठत उभे.

काकांनी एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि माइकवर ओरडले, "पस्तीस, वायरी सोड. वर ये!"

तो वर आला. सात शाली, सात नारळ, सात ट्रॉफ्या त्याच्या अंगावर चढल्या. फोटोवाला कॅमेरा लावणार, तेवढ्यात काका पुढे धावले. "अरे, एक्क्याण्णव काय पुढे धरतोस? ती बगलेत घे. शहाण्णव पॉइंट ऐंशी हातात धर. आणि हस की लेका, पहिला आलायस!"