तेरावा महिना

336 दिवसांचा रिचार्ज मारला की वर्षभराची कटकट मिटते, असं रिचार्जच्या टपरीवरचा पोरगा परवा अगदी मनापासून सांगत होता. त्याचा काही दोष नाही. 28 गुणिले 12 बरोबर 336, आणि वर्षाचे महिने बारा, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. उरलेले 29 दिवस कुठे गेले, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते मीच घरी कुठेतरी ठेवून विसरलो असेन, असं मला वाटायला लागलं.

28 दिवसांचा महिना हा या देशातला एक थोर शोध आहे आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. चंद्राला या अमावास्येपासून त्या अमावास्येपर्यंत जायला साडेएकोणतीस दिवस लागतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात महिना 30 नाहीतर 31चा, आणि फेब्रुवारीलासुद्धा चार वर्षांतून एकदा लाज वाटून तो 29चा होतो. मोबाइलच्या प्लॅनला मात्र ना सूर्याचं बंधन ना चंद्राचं. देशात एक नवं पंचांग सुरू झालं आणि कुणी साधी शोभायात्रासुद्धा काढली नाही!

आपल्या जुन्या पंचांगकर्त्यांनाही हिशेब जुळवताना घाम फुटला होता. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365चं, दरसाल अकरा दिवसांची तूट. ती भरून काढायला त्यांनी बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घातला, आणि त्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची चाल पडली. 2023 साली अधिक श्रावण होता, 2026 साली अधिक ज्येष्ठ. म्हणजे मध्ये सासऱ्याला जवळजवळ तीन वर्षं दम खायला मिळतो. मोबाइलच्या पंचांगात अधिक मास दरसाल येतो. 28 गुणिले 13 बरोबर 364, तेव्हा वर्ष काढायचं तर तेरा रिचार्ज. तीनशे रुपयांचा प्लॅन धरला तर बारा महिन्यांचे छत्तीसशे आणि वर तीनशेचं वाण. बरं, घरटी एक जावई असता तर गोष्ट वेगळी. इथे बाबांचं एक सिम, आईचं एक, मुलाचं एक, मुलीचं एक आणि ‘असू दे, बँकेला दिलाय तो नंबर’ म्हणून कपाटातल्या जुन्या फोनमधलं एक. असे पाच जावई दरवर्षी अधिक मासाला पाटावर बसतात, वाण घेतात, अनारसे मोजून बघतात, आणि ‘अजून दोन दिवसांत पुढचं वाण काढा’ असा मेसेज टाकून जातात. सासरा बिचारा ‘ऑफर आहे’ म्हणून खूश.

तरी हे 364च झाले. एक दिवस उरतोच, आणि खरी करामत त्या एका दिवसाची आहे. 1 जानेवारीला पगार झाला, तुम्ही हौसेने रिचार्ज केलात. पुढचा रिचार्ज 29 जानेवारीला. नोकरदाराच्या खात्यात 29 तारखेला काय शिल्लक असतं, हे मी या सदराच्या वाचकांना सांगायची गरज नाही. मग 26 फेब्रुवारी. फेब्रुवारी 28चाच असल्यामुळे त्यापुढचाही 26 मार्चला येतो, तेवढा एक महिना कंपनीचं आणि जगाचं जमतं. मग तारीख मागे मागे चालायला लागते. 23 एप्रिल, 21 मे, 18 जून, 16 जुलै, 13 ऑगस्ट, 10 सप्टेंबर, 8 ऑक्टोबर, 5 नोव्हेंबर, 3 डिसेंबर. मोजा. तेरा झाले. आणि 3 डिसेंबरचा रिचार्ज संपतो 30 डिसेंबरच्या मध्यरात्री! 31 डिसेंबरला, अख्खं जग एकमेकांना शुभेच्छा पाठवत असताना, तुमचा फोन गप्प. नव्या वर्षाचं स्वागत करायचं असेल तर करा चौदावा रिचार्ज. एका वर्षात चौदा! चौदा विद्या, चौदा रत्नं आणि चौदा रिचार्ज.

या घरात दुसरं काय असं चालतं? घरभाडं तारखेला, कर्जाचा हप्ता तारखेला, दूध आणि पेपरचं बिल महिनाअखेर, सोसायटीचा मेंटेनन्स दहा तारखेच्या आत नाहीतर दंड. घरकामाच्या मावशींनी अठ्ठाविसाव्या दिवशी ‘ताई, महिना झाला’ म्हणून हात पुढे केला, तर त्यांना महिन्याचे दिवस मोजून दाखवायला अख्खी सोसायटी गोळा होईल. तीच सोसायटी अठ्ठाविसाव्या दिवशी मोबाइलवर अंगठा टेकवून मुकाट तीनशे रुपये मोजते.

दर दिवाळीला एक फॉरवर्ड फिरतं, तुम्हालाही आलं असेल. पूर्वी म्हणे कामगारांना आठवड्याला पगार मिळायचा, वर्षाचे आठवडे 52, म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा पगार. मग साहेबाने महिन्याचा पगार सुरू केला आणि एक पगार बुडाला, त्याचाच झाला बोनस. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. गणित मात्र चोख आहे. कामगाराला तो तेरावा महिना कायद्याने किमान 8.33 टक्के म्हणून मिळतो, आणि तोही ठरावीक पगाराच्या आत असलेल्यांना, नफा-तोट्याची रडगाणी ऐकल्यावर, काही ठिकाणी गेटवर बसल्यावर. मोबाइल कंपनीला तो तेरावा महिना कुणाच्या दारात न बसता मिळतो. बोनस म्हणावा तर हा!

इथे आमच्या सोसायटीचे खजिनदार हरकत घेतात. खजिनदार म्हणजे तो तुमच्याही इमारतीत असलेला गृहस्थ, ज्याला सगळ्या कंपन्यांचे सगळे प्लॅन तोंडपाठ असतात आणि ज्याने त्यांची तुलना करणारं शीट बनवलेलं असतं. ‘अहो, तुम्ही दिवस काय मोजताय? जीबीचा दर बघा!’ त्यांच्या शीटनुसार तीनशे रुपयांत रोज दीड जीबी घेतला तर 28 दिवसांचे 42 जीबी, दर सात रुपये चौदा पैसे. साडेतीनशेत रोज दोन जीबी घेतला तर 56 जीबी, दर सव्वासहा. म्हणजे पन्नास रुपये जास्त देणारा शहाणा. सिद्ध झालं. 2016 च्या आधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजून आपण तो महिनाभर चाटून-पुसून वापरायचो, हेही ते आठवण करून देतात. खरं आहे. डेटा स्वस्त झाला, फार स्वस्त झाला, आणि जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत एकामागोमाग दर वाढवले तरी स्वस्तच आहे. मी विचारलं, ‘खजिनदारसाहेब, 56 जीबीपैकी तुम्ही वापरता किती?’ ते म्हणाले, ‘निम्मासुद्धा नाही, घरी वायफाय आहे ना.’ मग तुमचा दर सव्वासहा कसा? साडेबाराच्याही वर गेला की! रात्री बारा वाजता उरलेला डेटा कंपनी उचलून नेते, तो शीटच्या कुठल्या रकान्यात मांडलाय? त्यावर त्यांनी ‘रकाना वाढवतो’ असं आश्वासन दिलं. तेव्हापासून रात्री पावणेबाराला त्यांच्या घरातून कीर्तनाचा आवाज येतो. वायफाय बंद करून, सगळ्यात भारी क्वालिटी लावून, डेटा संपवायला.

बरं, 30 दिवसांचा प्लॅन काढा असा नियम झालेला आहे. 2022 साली झाला. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन 30 दिवसांचा ठेवायचा आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा. नियम म्हटल्यावर प्लॅन आलेच. पण ‘लोकप्रिय’, ‘सर्वोत्तम’, ‘खास तुमच्यासाठी’ अशा पाट्यांखालून बोट सरकवत अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत खाली गेलात तर दिसणार. दिसला तरी पुष्कळदा त्यात रोजचा दीड-दोन जीबी नसतो, एकगठ्ठा 25 जीबी असतो. म्हणजे एकीकडे दिवस बरोबर आणि डेटा वेगळाच, दुसरीकडे डेटा ओळखीचा आणि दिवस कमी. दोघांची तुलना करता येऊ नये एवढीच त्यात काळजी घेतलेली आहे, आणि ती उत्तम घेतली आहे. खजिनदारांचं शीट या ओळीवर आठवडाभर अडकलं होतं.

आणि डेटा संपला तरी ‘अनलिमिटेड’ चालूच राहतो, हे विसरू नका. फक्त वेग उतरतो, 64 केबीपीएसवर. हा आकडा वाचून कुणाचं काही बिघडत नाही, कारण तो बिटमध्ये असतो आणि आपली फाइल बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. काकांनी पाठवलेला ‘शुभ सकाळ’चा दोनशे किलोबाइटचा गुलाब उतरायला पंचवीस सेकंद. आधी नुसतं करड्या रंगाचं धुकं, त्यात गोल फिरणारं चक्र, मग एकदाचा गुलाब, गुलाबावर दव, दवाखाली सुविचार. तोवर सकाळ संपते. हिशेबी माणसासाठी पुढचा आकडा. हा वेग चोवीस तास, एक क्षणही न थांबता, न झोपता, पळवला तर दिवसाला जेमतेम 690 एमबी येतात. पाऊण जीबीसुद्धा नाही! ही या अनलिमिटेडची कमाल मर्यादा, आणि ती मी जाहिरातीत बारीक अक्षरांतसुद्धा कुठे वाचलेली नाही.

इथवर हसून झालं. आता आत्याचं सांगतो, आणि तिच्याबाबतीत मला विनोद सुचत नाही. आत्याने 2006 च्या सुमाराला हजाराच्या आसपास पैसे एकरकमी भरून ‘लाइफटाइम’ सिम घेतलं. येणारे फोन जन्मभर फुकट. त्याआधी, 2003 पर्यंत, आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, ते आठवून घरात केवढा आनंद झाला होता. जन्म कुणाचा, तर कंपनीच्या परवान्याचा, हे मागाहून कळलं. आत्या ठणठणीत आहे. 2018 संपता संपता फर्मान निघालं, येणारे फोन हवे असतील तर 28 दिवसांनी 35 रुपये भरा. आता सगळ्यात खालची पायरी दोनशेच्या घरात. आत्या फोन करत नाही, नेट बघत नाही. तिला फोन येतो. मुलाचा येतो, भाचीचा येतो, पेन्शनच्या बँकेचा ओटीपी येतो, गॅसच्या सिलिंडरचा कोड येतो. आधारला तो नंबर, रेशनला तो नंबर, दवाखान्याच्या कागदावर तो नंबर. रिचार्ज न करता, न वापरता 90 दिवस गेले की कंपनी तो बंद करून काही काळाने दुसऱ्या कुणाला द्यायला मोकळी. सरकारी खिडकीवर मोबाइल नंबरशिवाय माणूस ओळखायचा नाही, असं आधी ठरवायचं आणि मग तो नंबर दर अठ्ठावीस दिवसांनी गहाण ठेवायला लावायचा, ही लूट नाही तर काय आहे? बिनडेटाचे प्लॅनही ठेवलेच पाहिजेत, असा नियम 2024 च्या डिसेंबरात निघाला. 2025 च्या जानेवारीत ते आले, कमीत कमी 84 दिवसांचे, म्हणजे पुन्हा तीन अठ्ठाविशी. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आत्याच्या वाट्याला हे चौऱ्याऐंशी दिवस! आणि महिन्याचा, फक्त फोनचा, स्वस्तातला? तो विचारला की टपरीवरचा पोरगा म्हणतो, ‘काका, त्यापेक्षा थोडे जास्त टाका, नेटपण मिळेल.’

खजिनदारांनी आत्याचा दर काढून द्यायचं कबूल केलं होतं. दोनशे रुपये भागिले वापरलेले शून्य जीबी. शीटने शून्याने भागता येत नाही असा लाल इशारा दिला आणि ते म्हणाले, ‘ही केस वेगळी आहे.’

गेल्या खेपेला आत्याचा रिचार्ज करायचा राहून गेला. मुलाचा फोन लागेना, बँकेचा ओटीपी येईना. एकच फोन मात्र न चुकता येत राहिला, कंपनीचा. त्या इनकमिंगला पैसे लागत नाहीत. रेकॉर्ड केलेला आवाज असतो हे आत्याला अजून पटलेलं नाही, ती त्या बाईशी रीतसर बोलते. ‘अगं बाई, मला ते नेट नको, गाणी नकोत, फक्त माझ्या मुलाचा फोन तेवढा येऊ दे गं.’ पलीकडची बाई तिचं बोलणं पुरं व्हायची वाटसुद्धा न बघता सांगते, हिंदीसाठी दोन दाबा.