न धुण्याचा व्यवसाय

मत्स्यालय-देखभाल, म्हणजे घरांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत ठेवलेल्या माशांच्या काचेच्या टाक्या ठरलेल्या दिवशी जाऊन साफ करणे, हा अल्प भांडवलाचा व्यवसाय मानला जातो. कारण दोन बादल्या, पाच-सहा हात प्लास्टिकची नळी, एक जाळी आणि थोडा स्पंज एवढ्यावर तो उभा राहतो, आणि यांतल्या बादल्या तर ग्राहकाच्या मोरीतच सापडतात. हा आरंभ इतका सोपा असल्याने नव्याने उतरलेल्या व्यावसायिकाचा असा समज होतो की आपण साफसफाईच्या धंद्यात पडलो आहोत, आणि पहिल्या महिन्यात दगावणारे बहुतेक मासे या समजापायी दगावतात.

वस्तुस्थिती उलटी आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया साचतो, जो माशांना विषारी असतो; नायट्रोसोमोनास नावाचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच; आणि मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे मासे पुष्कळ अंशी सोसतात. या जीवाणूंची वसाहत नीट वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि ती प्रामुख्याने फिल्टरच्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजात व तळच्या खडीत राहते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे बोट दाखवून ग्राहक म्हणतो की इथे फार घाण झाली आहे. हा स्पंज नळाखाली धरून पिळला, तर पाण्यातल्या क्लोरीनमुळे वसाहतीचा मोठा भाग नष्ट होतो, टाकी आरशासारखी चकाकते आणि दोन-चार दिवसांत मासे उताणे तरंगू लागतात. म्हणून जाणकार व्यावसायिक स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच खळबळतो आणि एका वेळी पाणी बदलतो तेही साधारण पाव भाग. ज्या गृहिणीची तांब्याची भांडी दर आठवड्याला चिंचेने लखलखतात, तिला हे शास्त्र पटवणे हाच या व्यवसायातील खरा श्रम होय, कारण तिचा प्रश्न सरळ असतो: पैसे पूर्ण, मग पाणी पावच का?

तो पाव भागही हलका नसतो. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे 125 लिटर पाणी मावते. त्याचा चतुर्थांश म्हणजे 30 किलोहून अधिक वजन मोरीपर्यंत न्यायचे आणि तेवढेच परत आणायचे. पाणी काढण्यासाठी वक्रनलिका वापरतात, म्हणजे पाण्याने भरलेली अशी नळी, जिचे बाहेरचे टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवले की पाणी आपोआप वाहू लागते. ती तोंडाने ओढून सुरू करण्याची रूढी असल्यामुळे मालाची चव घेणे या व्यवसायात टळत नाही. नव्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात ‘अँटीक्लोरीन’ मिळते, ज्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट हे रसायन असते. मात्र जिथे पाणी तासभरच येते आणि उघड्या पिंपात साठवून ठेवावे लागते, तिथे क्लोरीन दिवसभरात बराचसा आपोआप उडून जातो, आणि पाणीकपातीचा एकमेव संतुष्ट लाभार्थी म्हणून माशाचे नाव घ्यावे लागते.

ग्राहकांचा एक वर्ग टाकी ठेवतो ती माशांसाठी नव्हे, तर ईशान्य दिशेसाठी. चिनी फेंगशुईतून आलेला आठ सोनेरी आणि एक काळा मासा हा हिशेब आता वास्तुशास्त्राच्या नावाने रुळला असून, मासा मेला तर त्याने घरावरचे संकट स्वतःवर घेतले, असे त्यात मानले जाते. या श्रद्धेच्या खरेखोटेपणाविषयी व्यावसायिकाने मत देऊ नये. इतका उदार विमा दुसऱ्या कोणत्याही सेवाउद्योगाला लाभलेला नाही.

अडचण होते ती न मरणाऱ्या माशाची. ‘सकर’ हा काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा दक्षिण अमेरिकी मासा दोन इंचांचा असताना ‘टाकी साफ ठेवतो’ या बोलीवर विकला जातो. पुढे तो फूटभराहून मोठा होतो आणि जेवढे साफ करतो त्याहून अधिक घाण करतो, यात तो काही नवशिक्या व्यावसायिकांशी साम्य राखतो. वाढत्या माशाचा प्रश्न प्राचीन आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हाती आलेला मासा आधी घटात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडावा लागला, असे सांगितले आहे. सकरला मात्र जवळच्या तळ्यात सोडणे गैर, कारण हा चिवट परका मासा भारतातल्या अनेक जलाशयांत आधीच ठाण मांडून बसला आहे. परिणामी व्यावसायिकाला त्याच्यासाठी स्थळ पाहावे लागते. अपेक्षा माफक असतात: स्वतःची पाच-सहा फुटी टाकी आणि घरात मोजकी माणसे. मुलगा शांत आहे, रात्रीच काय तो वावरतो, खाण्यापिण्याची तक्रार नाही, असे समोरच्या पक्षाला सांगितले जाते, जे अक्षरशः खरे असते. आणि पाहायला येतात त्या दिवशी त्याला टाकीतल्या दगडाआड असा बसवतात, की शेपटीकडची बाजू चटकन नजरेत भरू नये.