खटाऱ्याची क्लासिक कशी करावी
कुंभिवली आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या गोठ्यात पेंढ्याच्या आडोशाला एक गाडी कित्येक पावसाळे उभी आहे, जिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ‘हे धूड एकदाचं घालवा’ असा ठराव घरात एकमताने मंजूर होतो, त्या सर्वांसाठी. भंगारवाल्याचा टेम्पो दारात येईल, किलोचा भाव सांगेल. त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. भंगार आणि क्लासिक यांत फरक इतकाच, की भंगाराचं वजन करतात आणि क्लासिकला गुण देतात. गुण देणारी माणसं मुंबईत-पुण्यात असतात, त्यांचे क्लब असतात आणि क्लबांचे नियम असतात. ते नियम कुंभिवलीच्या परिस्थितीत कसे पाळावेत, हे खाली क्रमाने दिलं आहे.

पायरी १ : गाडीचं वय ठरवा

‘आजोबांनी घेतली तेव्हा बाबा चौथीत होते’ हा पुरावा धरत नाहीत. साल लागतं.

त्यातही साल कोण मोजतंय यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना आहे, फिवा, स्थापना १९६६. तिच्या लेखी गाडी किमान तीस वर्षांची हवी, मूळ रूपात जपलेली हवी आणि रोजच्या वापरातली नको. फिवाच्या वर्गवारीत ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. केंद्र सरकारने मात्र जुलै २०२१ मध्ये नियम काढला, की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली, फारशी उलथापालथ न झालेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. त्यामुळे तुमची १९७२ ची फियाट आरटीओत व्हिंटेज ठरते आणि क्लबच्या मैदानावर नुसतीच जुनी. दोन्हीकडे मान डोलवा. वाद घालू नका.

गोठ्यातली गाडी नेमकी कोणती, तेही ओळखायला शिका. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले असतील, तर ती ‘डुक्कर फियाट’. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ पासून काढलेली ११००. अशी निघाली तर देवापुढे साखर ठेवा. दरवाजे सरळ आणि गिअर स्टिअरिंगजवळ असेल, तर ‘डिलाइट’ किंवा तिची धाकटी बहीण ‘पद्मिनी’. पद्मिनीला पूर्वी कोणी विचारत नव्हतं. पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि जे लोक आयुष्यभर तिच्या मीटरवरून भांडले, त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून तिचा भाव वेगळा आहे. अ‍ॅम्बेसेडर असेल तर हुरळून जाऊ नका. ती २०१४ पर्यंत निघत होती.

पायरी २ : कागद शोधा

आरसी बुक पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि खताच्या पावत्या यांच्या मधोमध असतं. ते सापडल्यावर लक्षात येईल की गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. मग वारसांच्या सह्या. इथे दोन काका आणि बोरिवलीला दिलेली आत्या यांना एकाच दिवशी गाडीबद्दल प्रेम वाटू लागतं. अपेक्षितच आहे. पुढे चला.

आता चेसिस नंबर. गाडीच्या पत्र्यावर तो कुठेतरी ठोकलेला असतो आणि त्यावर चिखल, ग्रीस, गंज असे थर असतात. रॉकेलचा बोळा घ्या, हळूहळू पुसा. ब्लेडने खरवडू नका. आकडे दिसू लागले की पातळ कागद घट्ट धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, आकडे कागदावर उमटतात. तो कागद आरसी बुकाशी ताडा. जुळला तर अर्धी लढाई जिंकलात. मग इंजिनाचा नंबर पाहा. तो जुळणार नाही, कारण मधल्या काळात काकांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं होतं आणि त्यावर पाच वर्षं भाताची पोती वाहिली. काकांना काही बोलू नका. त्यांची सही अजून व्हायची आहे.

सगळं जुळलं तर व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. ही पाटी देवनागरीत रंगवून घेण्याचा मोह आवरा.

पायरी ३ : क्लबात शिरा

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे. मोटारवाल्यांची त्याहून जुनी संस्था म्हणजे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, १९१९ पासूनची. क्लब कुठलाही निवडा, आत जायची रीत सारखीच: अर्ज, वर्गणी आणि तुम्हाला ओळखणारा कोणी जुना सभासद.

असा सभासद कुंभिवलीत बसून भेटत नाही. थंडीत मुंबईत रॅली निघते तेव्हा जा. बाजूला टोपी घालून उभा असलेला, स्वतःची गाडी स्वतःच पुसणारा एखादा म्हातारा हेरा. पारशी काका असतील तर उत्तम. गाडीची स्तुती करू नका, ती सगळेच करतात. ‘कार्बुरेटर मूळचाच का हो?’ एवढं विचारा आणि गप्प उभे राहा. पुढचा पाऊण तास तेच बोलतील. शेवटी तुमची गाडी कोणती हे विचारतील, तेव्हा ‘गोठ्यात आहे, कोणी हात लावलेला नाही’ असं सांगा. या वाक्यावर आजवर पुष्कळ शिफारशी झाल्या असाव्यात.

एक सूचना : जागेचा विषय निघाला तर ‘कर्जत-खालापूरकडे थोडी जमीन आहे’ असं म्हणू नका. मग गाडी राहते बाजूला आणि गुंठ्याचा भाव निघतो.

पायरी ४ : गाडीला हात लावू नका

इथे नवशिके सर्वाधिक चुकतात. गाडी स्पर्धेत उतरवायची म्हटल्यावर माणूस पहिल्यांदा खोपोलीच्या गॅरेजमध्ये धावतो. मेस्त्री लांबी भरतो, चेरी रंग मारतो, बंपरला क्रोम चढवतो, सीटला बिबट्याच्या ठिपक्यांचं रेक्झिन लावतो. घरच्यांना गाडी ओळखू येत नाही. परीक्षकालाही येत नाही, आणि गुण तिथेच जातात.

परीक्षणाचं मूळ तत्त्व अमेरिकेतल्या ‘एएसीए’ या क्लबने (स्थापना १९३५) सोपं करून ठेवलं आहे. गाडी विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना जशी असेल तशी हवी. त्याहून वाईट नको आणि त्याहून चांगलीही नको. जिथे कारखान्याने नुसता काळा रंग दिला होता, तिथे तुम्ही क्रोम केलंत, तर शाबासकी नाही, कापाकापी. गुण मोजायची रीतही उलटी. शाळेत शून्यापासून वर चढतात. इथे गाडी ४०० गुण घेऊनच मैदानात येते आणि मग परीक्षक वजाबाकी करत फिरतो.

म्हणजे गाडीवर जितकं प्रेम कराल तितके गुण कमी. ज्याने हौसेने रंग दिला, गळतं म्हणून टपावर पत्रा ठोकला, आईला त्रास होतो म्हणून पुढची सीट बदलली, त्याने गुण घालवले. ज्याने कधी ढुंकून पाहिलं नाही, त्याने राखले. या हिशेबाने जुनी गाडी मूळ रूपात राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भाऊबंदकी. किल्ली एका भावाकडे, आरसी बुक दुसऱ्याकडे, गोठा सामाईक आणि दावा कोर्टात. कोणी गाडी चालवत नाही, कोणी विकत नाही आणि मुख्य म्हणजे कोणी रंगवत नाही. वीस वर्षांनी तडजोड होते तेव्हा आत मूळ सीट, मूळ काचा आणि मूळ उंदीर सापडतात. जगातल्या मोठ्या प्रदर्शनांत अशा न छेडलेल्या गाड्यांसाठी आता वेगळा गट असतो. आपल्याकडे वकिलांनी या क्षेत्रात केलेल्या कामाची दखल अजून कोणी घेतलेली नाही.

पायरी ५ : मैदानापर्यंत पोहोचा

मुंबईचं प्रदर्शन असेल तर फारशी चिंता नाही. पुण्याचं असेल तर मध्ये बोरघाट आहे. या घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि तेव्हापासून तो वाहनांची परीक्षा घेत आहे. पद्मिनीचा काटा चढणीला लाल रेघेवर जातो, बोनेटमधून वाफ येते. घाईने रेडिएटरचं झाकण उघडू नका. पाण्याचे दोन कॅन, फडकं, फॅनबेल्ट आणि धक्का द्यायला दोन पुतणे बरोबर ठेवा. द्रुतगती मार्ग टाळा. तिथे वाफाळती गाडी उभी करायची म्हणजे जिवाशी खेळ. आणि तुमची क्लासिक दुचाकी असेल तर तिथे प्रवेशच नाही. जुन्या घाटाने जा. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला ड्रायव्हर आजही नाणं टाकतात. तुम्हीही टाका.

काही सभासद आपली गाडी ट्रेलरवर चढवून, ताडपत्री घालून आणतात. त्यांच्या इंजिनला घाट माहीत नसतो. त्यांना हसू नका. बहुतेकदा बक्षीस तेच नेतात.

पायरी ६ : परीक्षक आल्यावर

आदल्या दिवशी पुढील वस्तू काढून घरी ठेवा : लिंबू-मिरची, झेंडूची वाळकी माळ, बोनेटवरचं दसऱ्याचं स्वस्तिक, महडच्या वरदविनायकाचा डॅशबोर्डवर चिकटवलेला फोटो आणि मागच्या काचेवरचं ‘आईचा आशीर्वाद’. आईचा आशीर्वाद आहेच, पण तो कुर्ल्याच्या कारखान्यात बसवला जात नव्हता.

परीक्षक कधीही गाडीकडे पाहून ‘वा’ म्हणत नाही. तो उकिडवा बसतो, बॅटरी काढतो आणि बैलबाजारात बैलाचे दात पाहावेत तशी गाडी खालून तपासतो. स्क्रूची डोकी पाहतो. जुन्या गाडीत जिथे एका खाचेचे स्क्रू होते, तिथे अधिकची खूण असलेले दिसले की त्याच्या हातातलं पेन हलतं. टायर रेडियल असले की हलतं. होजपाइपला लावलेली पट्टी नवी असली की हलतं. मग तो डिक्की उघडायला सांगतो आणि जॅक, पाना, हँडल मागतो. ती हत्यारं जागेवर असतील तर शाबूत गुण. हँडल विहिरीच्या पंपाला वापरत असाल, तर आदल्या रात्रीच सोडवून आणा.

प्रश्नांना उत्तरं थोडक्यात द्या. नमुना :

‘हे सीट कव्हर मूळचं?’
‘नाही साहेब. मूळचं खाली आहे.’
‘हॉर्न?’
‘मूळचाच. वाजत नाही.’
‘चालेल. रंग?’
‘ऐंशी साली एकदा दिला, काकाच्या लग्नात.’

इथे थांबा. त्या लग्नाची वरात, भिजलेली बँडपार्टी, नवरी गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, यातलं काही सांगू नका. परीक्षक माणूस चांगला असतो, पण त्याच्या कागदावर वरातीला रकाना नसतो.

पायरी ७ : निकालानंतर

प्रेक्षकांच्या पसंतीचं वेगळं बक्षीस असेल तर गावातून एक मिनीडोअर भरून माणसं आणा. हे नियमात बसतं. बाकी गटांत यश येईलच असं नाही. तरी घरी परतल्यावर नियम विसरू नका. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. बाजाराला जायचं असेल तर पेट्रोल खोपोलीतच संपवा. वरातीसाठी ती कोणी भाड्याने मागितली तर ‘नियम आहे’ म्हणा आणि ते ऐकूनही नातेवाईक कसे रुसतात ते बघा. वापराचा आदर्श हवा असेल तर कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक पाहा. वर्षातून एकदा शाही दसऱ्याला निघते, सगळं शहर बघतं आणि पुन्हा आत जाते.

कुंभिवलीत मात्र गाडी अशी वागत नाही. तिच्यातून बाळंतिणी खोपोलीच्या दवाखान्यात गेल्या, बियाण्याची पोती आली, पोरं दहावीच्या परीक्षेला गेली. दर खेपेला तिचं काहीतरी तुटलं आणि जे मिळेल ते बसवलं. हे सगळे कापलेले गुण आहेत, आणि त्यांतला एकही परत मागावासा वाटणार नाही. तेव्हा शेवटचा निर्णय तुमचा. करंडक हवा असेल तर आजच गोठ्याला कुलूप लावा आणि किल्ली चुलत्याकडे द्या. गाडी हवी असेल तर मेस्त्रीला बोलवा आणि रंग कोणता ते आईला विचारा. दोन्ही हवं असेल, तर घरात न पटणारे दोन भाऊ आणि दोन गाड्या लागतात.