पत्र्याची शेड

हिंजवडी शेजारीच असल्यामुळे चांद्यात हल्ली घरटी एक भाचा आयटीत असतो आणि त्याचा मामाच्या कॉम्प्युटरवर डोळा असतो. आमच्या भाच्याने माझ्या यंत्रावर लिनक्स चढवलं आणि लग्नाच्या फोटोंची बाहेरची डिस्क ‘एफएसटॅब’ नावाच्या सहा रकानी फाइलीत नोंदवून टाकली. कोणती डिस्क, कुठे जोडायची, कोणती फाइल सिस्टिम (‘ईएक्सटी ४’, तीच म्हणे उत्तम), अटी काय, वगैरे.

पुढे मेहुणीने फोटो बघायला डिस्क पौडला नेली. संध्याकाळी लाइट जाऊन आली, यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर लाल चांदण्या येरझारा घालू लागल्या. डिस्कची वाट पाहतोय, मुदत दीड मिनिट! मुदत संपली, डिस्क पौडलाच. मग ‘इमर्जन्सी मोड’. सूत्रं रूटच्या हाती द्यायची म्हणे. पण रूटचं खातं कुलूपबंद, हेही तोच सांगतो.

“म्हणजे फोटो गावाला गेले म्हणून तुम्हाला पत्रसुद्धा टाइप करू देणार नाही?” हिने विचारलं. एवढा नेमका प्रश्न हिंजवडीतही कुणी विचारला नसेल.

भाच्याला फोन लावला. तो ट्रॅफिकमध्ये होता, म्हणजे निवांत. “रूट डिस्क माउंट झालीय ना मामा? मग इनिट्रॅमएफएस ठणठणीत आहे.”

डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच असेल, तर ती वाचायची कशी? म्हणून बूटलोडर कर्नलबरोबर इनिट्रॅमएफएस नावाचं एक गच्च आवळलेलं गाठोडं मेमरीत आणून ठेवतो. बांधकामावर आधी पत्र्याची शेड ठोकतात, तसंच. आत ड्रायव्हर आणि मोजकी हत्यारं. ती खरी रूट डिस्क शोधून जोडतात, कारभार तिच्याकडे सोपवतात आणि जाताना शेडमधल्या फाइली पुसून मेमरी मोकळी करतात. इथेच मी हात जोडले. आमच्याकडे सोसायटीचा तिसरा गणपती बसला तरी बिल्डरची शेड हलत नाही.

“मग ते इनिट्रॅमएफएस नव्याने बांधू?”

“मामा, कशालाही हात लावू नका.”

रात्री येऊन त्याने पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं, आतली डिस्क माउंट केली आणि चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ एवढंच लिहिलं. आता डिस्क आली तर जोडायची, नाही आली तर अडून बसायचं नाही.

तेवढ्यात पौडहून फोन. “भाऊजी, टीव्हीला ही डिस्क वाचता येत नाहीये. फॉरमॅट करू का विचारतोय. हो म्हणू?”