पतंगाचे आवर्तन

परदेशातल्या लांबलचक नोकरीच्या मुक्कामात आमच्या श्रीरामपूरच्या तरुणांनी काइट सर्फिंग शिकावे, ही अत्यंत अभिनंदनीय बाब आहे. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणारा मुलगा वाया गेलेला असतो. तोच दुबईच्या काइट बीचवर तासाला दिरहम मोजून पाण्यावर पतंगाकडून ओढला गेला, की त्याचे स्थळ वधारते. शिवाय २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, त्यामुळे वडिलांचीही हरकत संपली.

प्रश्न एवढाच, की हे कौशल्य गावी परतल्यावर गंजू नये. श्रीरामपूरला समुद्र नाही, ही किरकोळ अडचण. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा प्रवरा डावा कालवा आहेच. तेव्हा शेतीच्या पाण्याचे आवर्तन सर्फिंगच्या वेळापत्रकाशी जोडावे, दोऱ्या अडकू नयेत म्हणून काठच्या बाभळी तोडाव्यात आणि वारा पडलाच, तर तोही कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्यावा. उसाने थोडी कळ सोसावी. ऑलिंपिक काही दर हंगामात येत नाही.

योजनेला सर्वात भक्कम पाठिंबा कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यांचा मिळेल. त्यांची अट एकच: खेळाडू शेवटच्या चारीपर्यंत पाण्यावरूनच आला पाहिजे.