शेकडेवाले अण्णा

मैंदर्गीत लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी अण्णांना निरोप जातो. हे अण्णा कुणी एक गृहस्थ नव्हेत. गल्लीगणिक एक असतो, आडनाव कुठलंही चालतं. वय पन्नाशी-साठीचं, खिशाला पेन, मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर अविश्वास. सव्वाकी-दीडकी वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली. सोलापूरला बस्ता बांधायला जाताना नवरी मुलगी एक वेळ मागे राहील, पण अण्णा गाडीत पुढच्या सीटवर हवेतच. बेरीज ते मराठीत करतात आणि घासाघीस कानडीत. सोलापूरच्या दुकानदाराला या दोन्ही भाषा येतात; गड्याला तो तेलुगूत काय सांगतो तेवढंच अण्णांना कळत नाही. अण्णा सोबत असले की आपण फसत नाही, असा गावाचा समज. मला वाटतं गोष्ट नेमकी उलटी आहे. दुकानाच्या दारावरचा सवलतीचा फलक हिशेब न येणाऱ्यासाठी नसतोच. ज्याला हिशेब येतो आणि तो केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशाच माणसासाठी तो लावलेला असतो.

पुरावा म्हणून '५० टक्के अधिक २० टक्के' हा फलक घ्या. साधं गिऱ्हाईक त्याची बेरीज सत्तर करतं. अण्णा मिशीत हसतात. शंभराचे पन्नास झाले, आता वीस टक्के कापायचे ते पन्नासातून, म्हणजे दहा. उरले चाळीस, सूट साठ. ही चूक पकडल्याचा आनंद एवढा मोठा असतो की खरेदी त्या क्षणीच पक्की होते. आता गल्ल्यापलीकडून बघा. साडी दुकानदाराला हजाराला पडली आहे, चिठ्ठीवर २,७५० छापलेत. दोन्ही सुटी वजा जाता हाती येतात ११००. अण्णांनी साठ टक्के मिळवले, दुकानदाराने शेकडा दहा मिळवले, आणि दोघांचंही गणित बिनचूक आहे! बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' नावाचा धडा आहे. सूट छापील किमतीवर काढायची, नफा खरेदी किमतीवर, हे अण्णांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण पुस्तकातल्या उदाहरणात खरेदी किंमत पहिल्याच ओळीत दिलेली असते. दुकानात ती दिलीच तर सांकेतिक अक्षरांत, चिठ्ठीच्या कोपऱ्यात, फक्त मालकाला वाचता येईल अशी. म्हणजे अर्ध्या आकड्यांवर उदाहरण सोडवून अण्णा पैकीच्या पैकी गुण घेतात. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, एवढं २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम सांगतात. ती छापील किंमत मुळात किती असावी, याला औषधांसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या तर लगाम नाही. अण्णा छताला हात लावून उंची मोजतात. छत कुणी किती वर बांधलं हा प्रश्न ते विचारत नाहीत.

तीनवर एक फुकट, हा अण्णांचा आणखी एक हळवा कोपरा. ही सूट पंचवीस टक्क्यांची, हे ते फलक वाचून संपायच्या आत सांगतात. मानपानाच्या यादीत साड्या नऊ आहेत. सात साड्यांचे पैसे दिले तर दोन फुकट मिळून नऊ होतात आणि यादी संपते. पण सातवी साडी एकटी राहते, तिला सूट नाही, आणि ते अण्णांच्याने बघवत नाही. मग नऊचे पैसे जातात, बारा साड्या घरी येतात. वरच्या तिघी कुणाला द्यायच्या यावर परतीच्या वाटेत अक्कलकोट येईपर्यंत चर्चा होते आणि तीन नवे मानकरी शोधले जातात. टक्का वाचवण्यासाठी रुपये घालवायचे, हे ज्याला टक्के कळत नाहीत त्याला जमणारच नाही.

यावर कुणी म्हणेल, अण्णा नसते तर लोक याहून जास्त लुटले गेले असते. हे मी काही अंशी मान्य करतो. सूट दिल्यावर बिलात कर वेगळा लावणारे दुकानदार असतात, आणि तिथे अण्णा गल्ल्यावर हात आपटून म्हणतात की छापील किमतीत सगळे कर आलेच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली असंच म्हटलं आहे. त्या दिवशी अण्णा खरोखर कामाला येतात. पण तिथे त्यांनी टक्का काढलेला नसतो, बिल वाचलेलं असतं.

दुसरा आक्षेप असा की अण्णा मुळात चिकट, त्याला गणिताचं नाव कशाला द्यायचं? हे मला पटत नाही. चिकट माणूस सगळीकडे चिकट असतो. हेच अण्णा किराणा दुकानात सुटी ज्वारी घेताना टक्क्याचा शब्द काढत नाहीत, 'एष्ट री?' म्हणजे 'किती हो?' एवढंच विचारून किलोमागे दोन रुपये कमी करून घेतात आणि गप्प चालू लागतात. दुधनीच्या बाजारात तूर विकताना तर पोत्यावर छापील किंमत लिहायची सोयच नाही. बियाणं, फवारणी, मळणी धरून क्विंटल कितीला पडला, त्यावर शेकडा किती चढवायचे, हे गणित त्यांना येतं. पण हमीभाव सरकार ठरवतं आणि बोली व्यापारी लावतो. स्वतःची खरेदी किंमत पक्की ठाऊक असलेला हा एकच माल, आणि नेमका तिथेच त्यांच्या शेकड्याला गिऱ्हाईक नाही. मग सोलापूरच्या दुकानात तो शेकडा इतका उफाळून का येतो, हे वेगळं सांगायला नको.

निदान एसटीची सूट तरी खरी, असं अण्णा मानतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पत्नीला, म्हणजे काकूंना, सोबत नेण्याचं ते एक कारण आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. काकू सव्वाकी शिकलेल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की पूर्वी माझे पन्नास लागायचे, आता साडेसत्तावन्न लागतात. अण्णांनी पेन काढलं, तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला आणि सिद्ध करून दाखवलं की सूट अजूनही पन्नास टक्केच आहे.