हयसून दिसता!

मालवणच्या किनाऱ्यावर वाडी तिथे देऊळ आणि देऊळ तिथे तात्या. फरक एवढाच की देव कौल लावल्याशिवाय बोलत नाही, तात्या न लावताच बोलतात.

संध्याकाळी ते धक्क्यावर असतात. खांद्यावर पंचा, हातात बशी, बशीत फुर्र करायचा चहा. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, इथून सुरुवात करून आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबावेच्या पाण्याची चव कशी वेगवेगळी, इथपर्यंत तात्या पर्यटकांना ऐकवतात. "तुम्ही प्यायलात ते पाणी?" एका पोरीने विचारलं.

"किल्लो हयसून दिसता! होडयेत कित्याक बसाक व्हया?"

गणपतीला आलेल्या भाच्याने मोबाइलवर दुबई दाखवली. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वाळूच मां ही? ती बघूक इमानात बसलंस? तारकर्ली काय ओसाड पडली?"

शेवटी मी त्यांना चीनची गजाल सांगितली. च्वांग त्झूच्या नावाने असलेल्या प्राचीन ग्रंथातली. कुंगसुन लुंग नावाच्या पट्टीच्या वादपटूची खोड मोडायला एका राजपुत्राने सांगितलेली. पडक्या विहिरीतला बेडूक पूर्वसमुद्राच्या कासवाला म्हणतो, काठावर उड्या मारतो, फुटक्या विटांच्या खोबणीत पहुडतो, माझ्यासारखं सुख कुणाला? आत ये की! कासवाचा डावा पाय आत जाण्याआधीच उजवा गुडघा अडकतो. मागे सरून ते समुद्राचं वर्णन करतं: दहा वर्षांत नऊ पूर आले तरी पाणी वाढलं नाही, आठ वर्षांत सात दुष्काळ पडले तरी आटलं नाही. बेडूक थक्क होतो. 'विहिरीच्या तळचा बेडूक' हा चिनी वाक्प्रचार या गोष्टीशी जोडला जातो.

तात्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, लागलं.

"बेडूक साधो गावलो, म्हणान गप रवलो. दर्याचा पाणी वाढणा नाय म्हणता? पुनवेच्या भरतीक ता कासव खय होता?"

मी गप्प.

"त्याका सांगा, एकदा आमच्या वायंगणीक ये. हयसर कासवा अंडी घालूक येतत. चार शाणी कासवा भेटतली, दर्यो म्हणजे काय ता कळात."

"वायंगणीला तुम्ही कधी गेलात?"

"मी कित्याक जाव? अडाणी ता आसा!"